साडेपाच लाखांचे कोटेशन आणि बाबांची रात्र

गोव्यात वाळपईच्या पुढे, सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचे पत्र आले आहे, सोबत कोटेशनही. नाव छापू नका असे त्यांनी कळवले आहे. पत्रातला मुख्य भाग असा:

'घरात मी, माझे यजमान, दोन मुले आणि सासरे. बाबांच्या फुफ्फुसाचा त्रास वाढल्यामुळे गेल्या वर्षापासून त्यांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागतो. डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटरवर ठेवायला सांगितले आहे. आमच्याकडे पावसात लाइनवर फांदी पडली की वीज जाते. कधी तासाभरात येते, कधी दुसऱ्या दिवशी दुपारी. जुना इन्व्हर्टर तासाभरात मान टाकतो. जूनमध्ये एका रात्री वीज गेली आणि मशीनचा अलार्म वाजायला लागला तेव्हा आम्ही दोघांनी बाबांना उशांना टेकवून पहाटेपर्यंत बसवून ठेवले. आता एका कंपनीच्या माणसाने ५ किलोवॅटचे सोलर आणि १० युनिटांची बॅटरी असे ६,४०,००० रुपयांचे कोटेशन दिले आहे. अनुदान वजा करून ५,६२,००० पडतील, बिल शून्य होईल, पाच वर्षांत पैसे वसूल, असे तो सांगतो. आमचे बिल महिन्याला २८० युनिटांचे, साधारण १,१५० रुपये येते. यजमान म्हणतात सोसायटीचे कर्ज काढूया. काय करावे?'

ताई, नमस्कार.

या कोटेशनवर सही करू नका. बॅटरी मात्र घ्या, आणि पुढच्या पावसाच्या आत घ्या. ही दोन वाक्ये एकमेकांच्या विरुद्ध वाटतील, म्हणून नीट उलगडून सांगतो.

आधी त्या माणसाचा 'पाच वर्षांत वसूल'चा हिशेब तुमच्याच बिलावर करून पाहू. महिन्याला १,१५० म्हणजे वर्षाला १३,८००. उद्यापासून तुमचे बिल खरोखरच शून्य झाले, एक रुपयाही भरावा लागला नाही असे धरले, तरी ५,६२,००० वसूल व्हायला ४० वर्षे लागतील. तोपर्यंत बॅटरी दोन-तीनदा बदलावी लागेल आणि कर्जाचे व्याज वेगळे. त्यात बिल शून्य होतच नाही, कारण वापर असो वा नसो, स्थिर आकार भरावाच लागतो. गोव्यात घरगुती वीज इतर बऱ्याच राज्यांपेक्षा स्वस्त आहे. पहिल्या १०० युनिटांचा दर दोन रुपयांच्या आसपास आहे, मग १००-१०० युनिटांच्या टप्प्यांनी तो चढत जातो. तुम्हाला सगळे आकार धरून युनिट चारेक रुपयांना पडते. जिथे युनिटला दहा-बारा रुपये मोजावे लागतात तिथला हिशेब तसाच उचलून सत्तरीत आणला तर तो बसणार कसा?

मला त्या विक्रेत्यावर राग धरायचा नाही. पण त्याने दोन वेगळे प्रश्न एका गाठोड्यात बांधले आहेत, आणि त्यामुळे तुमचा खरा प्रश्न झाकला गेला आहे. छपरावरची पॅनेल बिलासाठी असतात. बॅटरी अंधारासाठी असते. तुमची अडचण बिलाची नाही. तुम्ही पत्रात बिलाबद्दल एक ओळ लिहिली आहे आणि त्या जूनच्या रात्रीबद्दल जवळजवळ पानभर.

एक गोष्ट विक्रेते सहसा आपणहून सांगत नाहीत. नुसते सोलर बसवले, बॅटरी नाही, तर वीज गेली की भर दुपारच्या उन्हातसुद्धा ते बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या अंगावर तुमच्या छपरावरची वीज उलटी जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो, आणि ते योग्यच आहे. म्हणजे नुसत्या पॅनेलने बाबांच्या मशीनला काडीचाही आधार मिळणार नाही. उलट, बॅटरीला पॅनेल लागतातच असेही नाही. वीज असताना ती वीज खात्याच्या विजेवर भरून राहील आणि वीज गेली की कामाला येईल. तुमची रात्र निभावायला छपरावर एकही पॅनेल चढवायची गरज नाही, हे आधी मनात पक्के करा. मग सोलरचा विचार घाईशिवाय, त्याच्या स्वतःच्या नफ्या-तोट्यावर करता येईल.

आता बॅटरी किती मोठी हवी? याचे उत्तर कोटेशनमध्ये नाही, तुमच्या सोप्यावरच्या मीटरपाशी आहे. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. बहुतेक मीटरांवर ३२०० असतो, काहींवर १६००. ३२०० म्हणजे दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट जळाले. रात्री जेवणे झाली की फ्रीज, पंखे, दिवे, टीव्ही सगळे बंद करून फक्त कॉन्सन्ट्रेटर चालू ठेवा. एकाने घड्याळ धरायचे, एकाने लुकलुक मोजायची. मिनिटाला १७-१८ भरले तर तुमचे मशीन साधारण ३३० वॉट खाते. पाच लिटरची मशीने बहुतेक ३०० ते ३५० वॉटची असतात, दोन लिटरवर ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. तरीही मोजा. तीन मिनिटे मोजून सरासरी काढा. या मोजणीवर लाख-दीड लाखांचा निर्णय उभा राहणार आहे.

तुमच्या पत्रावरून मी रात्रीचा हिशेब मांडला तो असा. ३३० वॉटचे मशीन नऊ तास चालले तर जवळजवळ ३ युनिटे. दोन खोल्यांतले दोन जुने पंखे ७५ वॉटचे, नऊ तासांत १.३५ युनिटे. फ्रीज रात्रीत अर्धे युनिट. एक-दोन दिवे, वायफाय, मोबाईल मिळून पाव. वर इन्व्हर्टर स्वतः जागा राहण्यासाठी ४०-५० वॉट खातो, त्याचे रात्रीत ०.४. बेरीज साडेपाच युनिटांच्या घरात जाते.

बाजारात घरासाठी सर्रास मिळणारी लिथियम बॅटरी ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची असते, म्हणजे ५.१२ युनिटांची. हे सगळे वापरता येत नाही. तळाशी दहाएक टक्के राखून ठेवावे लागते आणि इन्व्हर्टरमधून येताना सात-आठ टक्के उष्णतेत जाते. हाती येतात सव्वाचार युनिटे. साडेपाचची गरज आणि सव्वाचारची बॅटरी, म्हणून विक्रेता म्हणतो दोन घ्या. पण दुसऱ्या बॅटरीचे लाखभर रुपये मोजण्याआधी पंख्यांकडे बघा. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॉटच्या आसपास खातो आणि तीन हजारांच्या आगेमागे मिळतो. दोन पंखे बदलले की रात्रीची ०.८ युनिटे वाचतात. तेवढीच साठवण बॅटरीत विकत घ्यायची तर वीसेक हजार लागतील. फ्रीज रात्रीपुरता बॅटरीच्या लाइनवरून काढा. दार न उघडता चार तास त्यातले काही बिघडत नाही, आणि बाबांच्या श्वासापुढे दुधाची पिशवी गेली तरी चालेल. हे दोन बदल केले की गरज सव्वाचारच्या आत येते. एक बॅटरी पुरते, काठोकाठ का होईना.

काठोकाठ म्हणालो ते जपून म्हणालो. बॅटरीची धारणा वर्षांगणिक थोडी थोडी कमी होते. सात-आठ वर्षांनी तीच बॅटरी संपूर्ण रात्र ओढणार नाही. म्हणून पुढे शेजारी दुसरे मॉड्यूल जोडता येईल असाच संच घ्या आणि भिंतीवर तेवढी जागा मोकळी ठेवा. आज दुसरे घेऊ नका. जागतिक बाजारात लिथियम बॅटरी पॅकचा सरासरी भाव २०१० च्या सुमारास किलोवॅट-तासाला, म्हणजे एका युनिटाला, हजार डॉलरच्या वर होता, तो २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आला. आपल्या दुकानात पोचेपर्यंत डबा, नियंत्रण सर्किट, आयात, कर आणि मधल्यांचे कमिशन चढून तो युनिटामागे वीस-चोवीस हजार होतो. तुमच्या कोटेशनमध्ये दोन बॅटऱ्यांचे २,६०,००० लावले आहेत, म्हणजे युनिटामागे पंचवीस हजारांच्या वर. पाच युनिटांची चांगली बॅटरी आज एक लाख ते सव्वा लाखात मिळायला हवी.

लिथियममध्येही दोन-तीन जाती आहेत. तुम्ही 'लिथियम आयर्न फॉस्फेट' असे कोटेशनवर लिहून मागा. ती वजनाने थोडी जड असते, पण उष्णता जास्त सोसते, सहज पेट घेत नाही आणि चार ते सहा हजार वेळा भरता-रिकामी करता येते. आयईसी ६२६१९ या सुरक्षा मानकाचे प्रमाणपत्र दाखवायला सांगा. ज्याच्याकडे ते असेल तो लगेच फाइल उघडून दाखवेल.

जुन्या ॲसिडच्या, म्हणजे ट्युब्युलर बॅटऱ्यांचा विचार यजमानांच्या मनात असेल. १५० अँपिअर-तासांची एक सोळा हजारांच्या आसपास मिळते. चार जोडल्या तर चौसष्ट हजारांत ७.२ युनिटे दिसतात, पण निम्मीच वापरायची असतात. त्यापुढे गेलात तर त्या लवकर बसतात. चार-पाच वर्षांनी पुन्हा खर्च, दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर, आणि भरताना निघणारा वायू बाहेर जायला हवेशीर जागा. ज्यांच्या घरी तास-दोन तासच वीज जाते त्यांना ती अजूनही परवडणारी आहे. तुमच्या घरी नको.

माझा अनुभवही सांगतो, कारण त्याचे पैसे मी मोजले आहेत. २०१७ मध्ये मी डिचोलीच्या घरी अशा चार बॅटऱ्या बसवून घेतल्या. तिसऱ्या पावसाळ्यात एकीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा फुलोरा आला. सोड्याच्या पाण्याने धुतला, पुन्हा आला, मग चौघीही तासाभराच्या वर टिकेनात. गॅरंटी कार्ड घेऊन गेलो तर विक्रेत्याने कार्डावर विक्रीची तारीख घातलेलीच नव्हती. तारीख नसल्यामुळे मुदत कारखान्यातून निघाल्या दिवसापासून धरली गेली आणि मी एकोणीस दिवसांच्या फरकाने गॅरंटीबाहेर पडलो. तेव्हापासून ओळखीत कोणी बॅटरी घेतली की मी पहिल्यांदा कार्ड बघतो. तुमच्या कार्डावर बसवल्याची तारीख, बॅटरीचा अनुक्रमांक आणि दुकानाचा शिक्का त्याच दिवशी, तुमच्या समोर पडला पाहिजे. अनुक्रमांकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. गॅरंटीत वर्षे आणि चक्रे (एकदा भरून रिकामी केली की एक चक्र) यांतले जे आधी संपेल ते धरतात, आणि शेवटी धारणा किती टक्के राहील तेही लिहिलेले असते. ते वाचून घ्या. बिघडली तर उचलून कुठे पाठवणार हेही विचारा. पन्नास किलोची लिथियम बॅटरी साध्या कुरिअरने जात नाही. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा यांपैकी कुठेतरी कंपनीचा माणूस हवा.

आता सोलरचे बघू. ते वाईट नाही, फक्त तुमच्या घराला ५ किलोवॅट कशाला? आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाला साधारण १,३०० ते १,४०० युनिटे देते. तुम्हाला वर्षाला ३,३६० लागतात. अडीच ते तीन किलोवॅटमध्ये भागते. पाच बसवले तर जवळजवळ निम्मी वीज खात्याला जाईल, आणि वर्षअखेर उरलेल्या विजेचे जे पैसे मिळतात त्यावर कर्ज फिटत नाही. शिवाय केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला ३०,००० प्रमाणे आणि तिसऱ्याला १८,००० असे आहे, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००. त्यापुढे ५ बसवा की १०, आकडा ७८,०००च राहतो. चौथा आणि पाचवा किलोवॅट पूर्णपणे तुमच्या खिशातून जातो. बॅटरीलाही या योजनेत अनुदान नाही.

३ किलोवॅट, बॅटरीशिवाय, आज पावणेदोन ते दोन लाखांत बसते. अनुदान वजा जाता लाख-सव्वा लाख. वर्षाला बारा हजारांच्या आसपास वाचतील, नऊ-दहा वर्षांत पैसे निघतील, आणि पॅनेल पंचवीस वर्षे चालतात. हा सावकाश पण खरा फायदा आहे. नेट मीटरिंगमध्ये दुपारी उरलेली वीज खात्याकडे जाते आणि रात्री वापरलेल्यातून वजा होते. म्हणजे रोजच्या साठवणीचे काम खातेच करते. तेच काम बॅटरीकडून करून घ्यायचे ठरवले तर सव्वा लाखाची बॅटरी चार हजार चक्रांत जेमतेम सतरा हजार युनिटे साठवून परत देईल. युनिटामागे सात-साडेसात रुपये नुसते साठवणीचे. चार रुपयांची वीज वाचवायला सात रुपयांची बरणी कोण घेईल? म्हणून विक्रेता 'रोज रात्री बॅटरीवर घर चालवा' म्हणाला तर ऐकू नका. तुमची बॅटरी भरलेली, वाट बघत बसलेली असू दे. तिची चक्रे अंधारासाठी राखा.

दोन्ही एकदम करायचेच असेल तर पॅनेल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. ३ किलोवॅट पॅनेल, हायब्रिड इन्व्हर्टर, एक बॅटरी, सांगाडा, अर्थिंग, सगळे धरून सव्वातीन लाखांच्या आसपास. अनुदान वजा जाता अडीच लाख. त्याचा एक मोठा उपयोग आहे, तो तुम्ही २०२१ मध्ये पाहिला असेल. १६ मेला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि गावेच्या गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली, जुलैत २३ तारखेला म्हादईचा पूर आला. अशा वेळी बॅटरी पहिल्या रात्रीत संपते आणि तिला भरणारे कोणी उरत नाही. छपरावर तीन किलोवॅट असतील तर ढगाळ दिवसातही चार-पाच युनिटे मिळण्याची आशा असते, म्हणजे दुसरी रात्र निघते. एवढ्या एका कारणासाठी मी तुम्हाला पुढेमागे सोलरही घ्या म्हणेन. आणि इन्व्हर्टर निवडताना त्याचे मॉडेल बॅटरीसकट नेट मीटरला चालते का, हे वीज खात्याच्या विभागीय कार्यालयातून लेखी घ्या. त्याच फेरीत, राज्याकडून आणखी काही मदत मिळते का ते गोवा ऊर्जा विकास संस्थेत विचारा. केंद्राची योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे, तेव्हा तुमच्याकडे विचार करायला वेळ आहे.

अर्ज करण्याआधी एक पाहा. वीजबिल कोणाच्या नावावर आहे? आपल्याकडे निम्म्या घरांत मीटर अजून आजोबांच्या नावावर असतो. आजोबा जाऊन वीस वर्षे झालेली असतात, घरात चार भावांचा वाटा असतो, आणि अनुदान मात्र बिलावर नाव असलेल्याच्या बँक खात्यात येते. तुमच्याकडे तसे असेल तर नाव बदलण्याचे काम आत्ता, दुसरे काही करण्याआधी हातात घ्या. वाटेकऱ्यांच्या सह्या गोळा करायला चवथीशिवाय दुसरा मुहूर्त नसतो, सगळे त्याच वेळी घरी येतात, हे मला माहीत आहे. तरी फोन करून सुरुवात करा. सोलर चालू होऊन त्याची तपासणी झाल्यावरच अनुदान येते. तोवर पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते, म्हणून 'अनुदान वजा जाता' हा आकडा पाहून कर्ज ठरवू नका. सोसायटीच्या कर्जापेक्षा सार्वजनिक बँकांचे या योजनेतले कर्ज व्याजाला बरेच हलके आहे आणि त्याला तारणही लागत नाही. पॅनेल भारतीय सेलची, डीसीआर (म्हणजे देशी बनावटीच्या) शिक्क्याची असतील तरच अनुदान मिळते. हेही कोटेशनवर लिहिलेले असू दे.

तुमच्या कोटेशनवर तारीख ऑगस्टची आहे आणि पॅनेलच्या ओळीत १२ टक्के जीएसटी धरून १,६०,००० लावले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर पॅनेलवर ५ टक्के कर आहे. त्या एका ओळीतच दहा हजार कमी व्हायला हवेत. 'इतर कामे १,२५,०००' ही ओळ तर मला अजिबात पटली नाही. त्यात सांगाडा किती, केबल किती, अर्थिंगचे खड्डे किती, आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा वीजरोधक आहे की नाही, काहीच कळत नाही. सत्तरीत याच कामावर घर टिकते. चिऱ्याची जमीन मे महिन्यात कोरडी ठाक पडते आणि साधे अर्थिंग काम करीत नाही. केमिकल अर्थिंग करून, मीटर लावून, किती ओहम आले ते लिहून घ्या. वळवाच्या विजा तुमच्या डोंगराला नव्या नाहीत.

पॅनेल कौलांवर चढवू देऊ नका. जुने वासे आणि रिपा तो भार घेतात, पण वाऱ्याची उचल घेत नाहीत, आणि एक कौल फुटले तर खाली हात पोचत नाही. मागच्या स्वयंपाकघरावर स्लॅब असेल तर तिथे अडीचशे-तीनशे चौरस फूट जागा बघा. दक्षिणेकडे तोंड, पंधरा अंशांचा उतार. माडाच्या सावलीचे नीट बघा, एका झावळीची सावली एका पॅनेलवर पडली तरी साखळीतली सगळी मंदावतात. चाळीस फुटांवरून नारळ पडला तर काच राहणार नाही. नारळ उतरवणाऱ्या पाडेलीला आधी बोलवा. माकडे तुमच्याकडे येतातच, म्हणून केबल पाइपातून न्यायला सांगा. मोकळी लोंबणारी केबल त्यांना फांदीसारखी वाटते.

बॅटरी कुठे ठेवायची? पत्र्याखालच्या खोलीत नको, तिथे एप्रिल-मेमध्ये ती भाजून निघते आणि आयुष्य घटते. बाबांच्या झोपायच्या खोलीतही नको. ऑक्सिजनच्या शेजारी ठिणगीची कोणतीही शक्यता ठेवायची नसते. सावलीतली, वारा लागणारी भिंत निवडा आणि जमिनीपासून चार फूट वर टांगा. पुराचे पाणी उंबऱ्यापर्यंत आले होते का, ते घरातल्या मोठ्यांना विचारा आणि त्या खुणेच्या वर जा. वायरमनकडून वेगळा छोटा डीबी, म्हणजे स्विचांचा डबा, बसवून त्यावर फक्त बाबांच्या खोलीचा प्लग, दोन पंखे आणि तीन-चार दिवे घ्या. जुन्या घरात न्यूट्रलच्या तारा एकमेकांत गुंतलेल्या असतात, त्या सुट्या करायला एक दिवस जाईल, सहा ते दहा हजार लागतील. पंप, मिक्सर, गीझर चुकूनही त्या लाइनवर नको. एक हॉर्सपॉवरचा पंप सुरू होताना कित्येक पट विजेचा झटका घेतो आणि रात्रीच्या ऑक्सिजनचा वाटा पाणी ओढण्यात जातो.

इन्व्हर्टर 'प्युअर साइन वेव्ह', म्हणजे खात्याच्या विजेसारखीच वीज देणारा, असायला हवा. तुमच्या जुन्या इन्व्हर्टरच्या पाठीमागची पट्टी आजच वाचा. 'स्क्वेअर वेव्ह' असेल तर कॉन्सन्ट्रेटर त्यावर लावणे लगेच थांबवा, आतला कॉम्प्रेसर तापून खराब होतो. तो साइन वेव्ह असेल तर त्याची बसलेली बॅटरी बदलून १५० अँपिअर-तासांची नवी घाला. एवढ्याने मशीन आणि एक पंखा साधारण दोन तास निघतील, आणि मोठे काम होईपर्यंत तेवढा दिलासा हाताशी राहील.

आणि कितीही चांगली बॅटरी घेतली तरी घरात एक भरलेला ऑक्सिजन सिलिंडर, रेग्युलेटर लावून, हवाच. हे मी सल्ला म्हणून नाही, विनंती म्हणून लिहितो. बी टाइपच्या छोट्या सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतो. मिनिटाला दोन लिटरच्या वेगाने तो बारा तास पुरतो, त्याला वीज लागत नाही, इन्व्हर्टर लागत नाही. डॉक्टरांना विचारून वेग ठरवून घ्या, मुलांना आणि यजमानांना तो उघडायला शिकवा, महिन्यातून एकदा काटा बघा. देवघराच्या समईपासून आणि चुलीपासून दूर, भिंतीला साखळीने बांधून ठेवा. जवळच्या वीज उपकेंद्रात जाऊन, घरात ऑक्सिजनवरचा रुग्ण आहे असे लेखी देऊन ठेवा. १९१२ वर तक्रार करतानाही पहिल्या वाक्यात हेच सांगा. लाइनमन देव नाही, पण पाच ठिकाणी फांद्या पडलेल्या असताना आधी कुठे जायचे, हे ठरवायला त्याला कारण मिळते.

पैशाचा क्रम मी असा लावेन. या आठवड्यात सिलिंडर. दिवाळीचे उरलेले पैसे असतील तर दोन पंखे. शिगम्याच्या आत एक लिथियम बॅटरी, साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि वेगळे वायरिंग, असे मिळून दीड लाखाच्या आसपास. इन्व्हर्टर हायब्रिड घेतलात तर पंचवीस-तीस हजार वाढतील, पण उद्या सोलर जोडताना तो फेकावा लागणार नाही. माझा कल तिकडेच आहे. सोलर पुढच्या वर्षी, नाव बदलून झाल्यावर, ३ किलोवॅटचे, बँकेच्या कर्जावर.

त्या विक्रेत्याला फोन करून सांगा की मला प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ, कंपनी, मॉडेल आणि गॅरंटीसकट नवे कोटेशन पाहिजे. आणखी दोघांकडूनही मागवा. ती तिन्ही, मीटरच्या लुकलुकीचा आकडा आणि कॉन्सन्ट्रेटरच्या पाठीवरच्या पट्टीचा फोटो मला पाठवा. कोणालाही आगाऊ पैसे देण्याआधी पाठवा. मी बसून ओळ न् ओळ बघेन. बाबांना माझा नमस्कार सांगा.